भोंग्याच्या छातीतली फुसफुस

बाबा,

दुकानातून बोलावणं आलंय, म्हणून घाईघाईत लिहितेय. भोंग्याचं खाणं झालंय. तो शेपटी हलवत, गळा काढून पुन्हा मागेल, तुम्ही विरघळू नका.

काल सकाळी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते मला अर्धंच कळलं. त्याच्या हृदयाच्या ठोक्यांच्या मधे फुसफुस येते, तिच्या जोराला सहापैकी दोन. मला वाटलं, पोरगं नापास! पण इथे म्हणे कमी असलेलंच बरं. बऱ्याच पिल्लांची फुसफुस चार-पाच महिन्यांच्या वयापर्यंत आपोआप जाते, नाही गेली तर हृदयाची सोनोग्राफी करायची. मग आत्ता काळजी करायची की नाही? विचारलं, तर म्हणाल्या, "तीन आठवड्यांनी परत ऐकू." घ्या!

तुम्ही त्याला कानाशी धरून "ठणठणीत चालतंय" म्हणाला होतात, ते चुकलं म्हणून रुसू नका. चाळीस वर्षं तुम्ही घड्याळं दुरुस्त केलीत, पिल्लं नाही. आणि खोट निघाली म्हणून परत द्यायची भाषा आता पुरे.

एक सांगायचं राहिलं. आई नर्स असतानाचा तिचा स्टेथोस्कोप काढून काल मी त्याला ऐकलं. काही उमजेना, म्हणून ताडून बघायला स्वतःला ऐकलं. मग दुपारी खुर्चीत तुमचा डोळा लागला होता, तेव्हा तुम्हाला.

भोंग्याची फुसफुस मला अजून सापडलेली नाही. तुमची लगेच सापडली.

उद्या दहाला तयार राहा. भोंगा घरीच थांबेल.