ग्रहणात कापलेले गुलाब

आई, तुला लिहायला बसलो आणि आधी तुझे दातच आठवले. गजरा ओवून झाला की तू दोरा दातानं तोडायचीस. कात्री समोरच खिळ्याला टांगलेली असे, पण नात जन्मली त्या दिवसापासून तू कुठल्याच पात्याला हात लावला नाहीस. भेंडी हातानं मोडायचीस, कांदा बुक्कीनं फोडायचीस. कुणी विचारलंच तर म्हणायचीस, हाताला आता धार सोसत नाय.

दिवाळीतलं ते सूर्यग्रहण. लक्ष्मीपूजनाच्या तोंडावर मखमलाबादच्या आपल्या मळ्यात गुलाब ऐन भरात, आणि गडीमाणसं ग्रहण म्हणून घरात बसलेली. मी लिंबाखाली उभा आहे. पानांतून खाली पडणारे उन्हाचे कवडसे एरवी गोल असतात, त्या सकाळी प्रत्येक कवडसा चंद्रकोर झाला होता. अंगणभर कोरीच कोरी. शाळेत वर्षानुवर्षं पोरांना शिकवलेल्या कवितांच्या ओळी मी पुटपुटत होतो. आदल्या दिवशीच तुला पाटी घेऊन समजावलं होतं की ग्रहण म्हणजे नुसती सावली, तिनं कुणाचं काही बिघडत नाही. तू हसून मान डोलावली होतीस. सकाळी तीच मान डोलावत तू सुनेला, माझ्या बायकोला, हाक मारलीस, "मास्तर म्हनतो सावली हाय, मंग सावलीच. ये, दोन वाफे तू काप, दोन मी कापते." तिला तिसरा महिना होता. त्याआधी दोनदा गर्भ राहून गेला होता, त्यामुळं ती जरा घुटमळली. तू कात्री तिच्या हातात दिलीस. मी पाहिलं, आणि पुन्हा कवडशांकडे वळलो.

पोर झाली तेव्हा तिचं अंग कापसासारखं सैल होतं, डोळे किंचित तिरपे. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, हिची वाढ उशिरानं होईल, बुद्धी कमी राहील. जमलेल्या बायकांत कुजबुज सुरू झाली, ग्रहण हा शब्द मला दारापर्यंत ऐकू आला. कुणी सुनेकडे बोट दाखवायच्या आत तू उठलीस.

"तिला काय बोलू नका. कात्री म्या दिली तिच्या हातात."

नंतर तू नातीला मांडीवर घेऊन गजरे ओवायला शिकवलंस. तिला एक फूल ओवायला जितका वेळ लागे तितका वेळ तू थांबायचीस. माझ्यात तेवढी माया नव्हती आई. मी तिला बडबडगीतं म्हणून दाखवायचो आणि तिनं दुसरी ओळ म्हटली नाही की उठून जायचो.

ती सहा-सात वर्षांची असताना तिच्या शाळेतल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला मुंबईला तपासणीला पाठवलं. आमचं तिघांचं रक्त घेतलं. काही आठवड्यांनी पुन्हा बोलावून तिथल्या डॉक्टरांनी कागदावर काड्या काढून दाखवल्या. ही गुणसूत्रं. माझ्यातली दोन एकमेकांना चिकटलेली आहेत. त्यानं माझं काही अडलं नाही, पण पोरीकडे जाताना एक तुकडा जास्तीचा गेला. आधीचे दोन गर्भ बहुधा त्यानंच गेले. बायकोनं हळूच ग्रहणाचं विचारलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "गर्भ राहिला त्याच क्षणी हे ठरलं होतं, ताई. ग्रहण पुष्कळ नंतर आलं." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, तुमच्या आईचीही बाळंतपणं वाया गेली होती का? माझ्या आधीची तुझी तिन्ही मला माहीत होती. मी म्हणालो, कल्पना नाही.

परतताना इगतपुरी आली तरी बायको खिडकीबाहेरच बघत होती. मग म्हणाली, "घरी गेल्या गेल्या आत्याबाईंना सांगा. सात वर्षं काळीज कुरतडत बसल्यात त्या." मी हो म्हणालो.

तू ओट्यावर होतीस, शेजारी नात. काय म्हनले डाक्टर, तू विचारलंस. मी चपला काढत म्हणालो, काही नाही, कारण कधी कधी सापडत नाही. तू सुईतलं फूल पुढे सरकवलंस आणि म्हणालीस, "मला घावलंय."

पुढं चार वर्षांनी तू गेलीस, तेच धरून. तिन्ही बाळंतपणांचा दोषही तुझ्या डोक्यावर नको म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. ते खरं नाही. माझ्या रक्तात खोट आहे हे तुझ्यासमोर म्हणायची मला लाज वाटली. तुझ्याकडून आलं की आबांकडून, हे काही कळायचं नव्हतं. माझ्याकडून आलं एवढं मात्र पक्कं होतं.

मुंबईहून परतलो त्या संध्याकाळी चुलीपाशी बायकोनं विचारलं, सांगितलं का? सांगितलं, म्हणालो. काय म्हणाल्या? थोडी रडली, म्हणालो. तू नंतरही पात्याला हात लावत नाहीस हे बघून ती बोलली, तेव्हा मी म्हणालो, जुनी सवय. आत्याबाई मोकळ्या होऊन गेल्या, असं ती आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला समाधानानं सांगते आणि मी मान हलवतो.

म्हणून हा कागद घरात ठेवता यायचा नाही. आताच तिनं आतून विचारलं, इतका वेळ काय लिहिताय? मी म्हणालो, कविता.