पॉलिश केलेले पंधरा खंड

मिरज, शुक्रवार

फलटणचे नामवंत बागायतदार आणि एकाच खंडाचे ग्रंथसंग्राहक वीरधवल यांना मिरजेच्या चांदसाहेबचा सलाम.

गुडघा काय म्हणतो? संयोगितावहिनींनी तुझी साखर बंद केल्याचं कळलं (एवढा ऊस लावून शेवटी फिका चहा, वाईट वाटलं, थोडं हसूही आलं). फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद खराब करतोय.

भांडण आठवत असेलच. पाचगणीच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं, तेव्हा व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या त्या इंग्रज कादंबरीकाराचा सोळा खंडांचा संच आपण दोघांनी एकदमच पाहिला. तांबडं कातडं, सोनेरी अक्षरं, आणि पानं छापखान्यातून आली तशी कडेला जोडलेली, कुणीच न कापलेली. पंधरा मी उचलले. माझा संच पुरा होऊ नये एवढ्यासाठीच नववा तू काखोटीला मारलास. पुढे मी पानं कापून वाचायला लागलो, तर मला अडाणी म्हणालास, कारण न कापलेल्या पानांनाच खरी किंमत असते म्हणे. तेव्हापासून आपला अबोला आहे.

तर कळवायचं ते हे, की माझे पंधराही खंड कामातून गेले. घरात जागा नाही म्हणून कपाट थोरल्या भाईंच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात ठेवलं होतं, वाळायला टांगलेल्या भोपळ्यांखाली. कातड्याचा भुगा पडतो अशी तक्रार मी एकदा जेवताना केली (भाईंसमोर कुठल्याही वस्तूची तक्रार करू नये, ते ती दुरुस्त करतात). मी सांगलीला लग्नाला गेलो आणि इकडे भाईंनी खंड उतरवून, पुसून, तंबोऱ्याला देतात तसे लाखेच्या पॉलिशचे हात दिले. नुसत्या पुठ्ठ्यांवर नाही, पानांच्या कडांवरही. कारण उघडं लाकूड ओल धरतं, आणि भाईंच्या लेखी कागद म्हणजे पातळ लाकूडच. परत येऊन बघतो तर प्रत्येक खंडात माझा चेहरा दिसत होता आणि एकही उघडत नव्हता. भाई म्हणाले, "चांद, आता वाळवीची काय बिशाद न्हाई." इतके खुशीत होते की मीही लय झकास झालंय म्हणालो. शिरवळच्या एका गवयाने तर त्याच रंगाचा तंबोरा मागितला आहे.

असो. नाद सुटला, जीव सुटला. नववा खंड तू सुखाने सांभाळ. माझं आता तिकडे लक्षही नाही.

तुझा,
चांद

ता. क. लक्ष आहे. आमचा पोरगा फरदीन जहाजावर नोकरीला गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून रोज जेवणानंतर मी तुझ्या अकिलावहिनीला त्या खंडांतली गोष्ट मराठीत सांगत वाचायचो. आठवा संपतो तेव्हा शिवणकाम करणारी एक आई बंदरावर उभी असते आणि तिच्या मुलाचं जहाज आलेलं नसतं. पुढचं नवव्यात. दहाव्यावर तिचं मन रमवावं म्हटलं, तर तो भाईंनी बंद करून ठेवला. (फोनवर शोधून सांगतो म्हटलं, पण तिला गोष्ट पुस्तकातूनच हवी.) रोज ताट उचलताना विचारते, "आवं, ते जहाज आलं का, तेवढं सांगा की." मला ते ऐकवत नाही रे.

आणखी एक. खंड देऊ नकोस, घेऊन ये. येण्याआधी पानं काप, पण कोयत्याने नको. कारखान्याच्या दाराने येऊ नकोस, पॉलिश अजून उरलंय. वाचायला तूच बस. मी खोटं बोललो की अकिला लगेच ओळखते, तू मात्र चोरून साखर खातोस ते वहिनींनाही अजून कळलेलं नाही. शेवटचं पान आधी वाचून ठेव. जहाज आलेलं नसेल, तर वाचताना आण. अकिलाला इंग्रजी येत नाही, आणि मी काही बोलणार नाही.