आपल्या घरातला जोहार

दादा,

तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली आणि परवा गावानं शाळेत तुमच्या फोटोला हार घातला. भाषण करणारा म्हणाला, मास्तरांनी जोहार बंद केला आणि गावानं त्यांना साथ दिली. मी उठले. म्हटलं, साथ नाही, वाळीत टाकलं होतं. त्यांनी माईक काढून घेतला, मग मी माईकशिवाय बोलले. या वयात माझा आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

इंग्रज जाणार, जाणार असं रोज पेपरात येत होतं ते वर्ष. तुम्ही मिशनच्या शाळेत मास्तर, तरी महारवाड्यातल्या सगळ्यांसारखं चावडीपुढून जाताना वाकून ‘जोहार, मायबाप’ म्हणायचं, असा रिवाज. एका सकाळी तुम्ही ताठ मानेनं ‘नमस्कार, पाटील’ म्हणालात. मी, तुमची थोरली लेक, तुमच्या मागेच होते, चौदा वर्षांची.

“मास्तर, जीभ घसरली वाटतं,” पाटील म्हणाले.

“न्हाई. आता कुठं सरळ झाली.”

त्यांची वहाण तुमच्या तोंडावर बसली. ओठातून रक्त येत असताना तुम्ही पुन्हा नमस्कार म्हणालात. संध्याकाळी महारवाड्यातल्या तरण्यांनी काठ्या काढल्या, तर त्यांनाच दटावलंत, “काठी उचलली की त्येंचं काम सोपं हुतं. नमस्काराला फौजदार कंचं कलम लावनार?” दुसऱ्या दिवशी सगळा वाडा नमस्कार म्हणत चावडीपुढून गेला. तुमचा एवढा अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही.

मग गावानं आपल्याला वाळीत टाकलं: गिरणी बंद, दुकान बंद, दूध बंद. मिठापिठासाठी माणसं खर्ड्याच्या बाजाराला चालत जायची. कुणी डगमगलं की तुम्ही म्हणायचात, “माझ्या घरातनं जोहार निघनार न्हाई, तुमच्याबी निघू नये.” धाकटी आठ महिन्यांची. आई तापानं फणफणलेली, तिचं दूध आटलेलं. तुम्ही अर्ज घेऊन जामखेडच्या कचेरीत गेला होतात आणि धाकटीचं रडणंसुद्धा थांबलं होतं. मी पाटलांच्या मागच्या दारी गेले. पाटलीणबाई चरवी हातात धरून उभ्या. “आदी काय म्हनायचं आसतं?” मी म्हणाले. वाकून म्हणाले.

पुढे गिरणी उघडली, जोहार कायमचा गेला. तुम्ही मरेपर्यंत सभांमधून सांगत राहिलात, आपल्या घरातून तो एकदाही निघाला नाही. लोक टाळ्या वाजवायचे. मी पदराशी चाळा करत बसायची.

माफी मागत नाही, दादा. धाकटी जगली, तुमच्याच शाळेत शिकवून निवृत्त झाली. तसं लेकरू पुन्हा मांडीवर आलं तर मी पुन्हा म्हणेन, आणि तुम्ही समोर उभे असलात तरी म्हणेन. पण परवा एवढी तावातावानं बोलले, त्यात हे सांगितलं नाही. गावाचं खोटं चारचौघांत खोडून काढलं. आपलं मात्र तसंच राहू दिलं, आणि राहू देणार आहे.