खिशात सापडलेले

३ मार्च, सकाळ
निर्णय झाला. कोपऱ्यावर नवीन लाँड्री उघडली आहे आणि ती चालवणारी बाई माझ्या आयुष्यात येणार आहे. तिला अजून कल्पना नाही. मी एक्केचाळीसचा, पण चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभा राहून काटक राहिलोय. प्रेमपत्र नको, ते कोणीही लिहितं. हायकू! पाच-सात-पाच, सतरा अक्षरांत काम फत्ते. शर्टाच्या खिशात ठेवायचा आणि शर्ट धुवायला टाकायचा. तिने खिसा तपासला की ती आपली.

३ मार्च, संध्याकाळ
पहिला तयार.
वाफेआड तू
मन हे चुरगळे
इस्त्री कर ना
बोटांवर तीनदा मोजला. चोख. स्वतःवरच खूश आहे.

६ मार्च
शर्ट आला. हँगरला एक छोटं पाकीट स्टेपल केलेलं, त्यावर छापलंय ‘खिशात सापडलेले’. आत माझा हायकू, घडी होती तशीच. म्हणजे वाचून परत त्याच घडीवर घातला! काय नाजूक हात. शिवाय स्टेपल दोन मारलेत. शेजाऱ्यांच्या पाकिटाला एकच होता, मुद्दाम जाऊन बघितलं.

१० मार्च
दुसरा.
बटण गेले
तुझ्या दारात माझे
काळीज तसे
त्यासाठी बटण मी स्वतः तोडलं. पाकीट आलं, घडी तशीच. पण बटण तिने लावून दिलंय. निळ्या शर्टाला पांढरं. बिचारीची धांदल उडालेली स्पष्ट दिसते.

१४ मार्च
रोज एक हायकू म्हणजे रोज एक कपडा. माझ्याकडे एवढे कपडे नाहीत. ताईने (मी तिच्याकडेच राहतो) विचारलं, पडदे का काढलेस? म्हटलं, धूळ बसली होती. ती म्हणाली, ते ठीक आहे, पण पडद्याला खिसा का शिवलास? कवीला घरचे कधी समजून घेत नाहीत.

१७ मार्च
सगळे कपडे लाँड्रीत. भर उन्हाळ्यात दुकानात स्वेटर घालून गेलो. गिऱ्हाइकाला, शेवटची ओळ वाचा, म्हणता म्हणता चक्कर आली. जग माझ्या सांगण्यावरून वाचतं, ती एकटी गप्प. लाजतेय. घरी येऊन भाऊजींचा कोट उचलला. भाऊजी घरात एकच वाक्य बोलतात, बातम्या संपल्या का, म्हणून. त्यांना कोट गेलेला कळणारही नाही. खिशात माझा सगळ्यात चांगला हायकू.
तुझ्या हाताची
ऊब माझ्या कोटात
दिवसभर
लिहून स्वतःच रडलो. यावर ती पाघळली नाही तर लिहिणं सोडीन.

२० मार्च
घात झाला. कोट आणायला ताई गेली. पाकीट तिने फोडलं. घरी आलो तर ती स्वयंपाकघरात कागद हातात घेऊन उभी, डोळे भरलेले. भाऊजींना म्हणाली, एकवीस वर्षांनी सुचलं होय तुम्हाला? भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे. भाऊजी म्हणाले, हो, सुचलं. खोटारडा माणूस!

२१ मार्च
ताई भांडी घासताना गुणगुणत होती. भाऊजींनी जिन्यात गाठून विचारलं, पुढचा कधी? दर आठवड्याला एक तरी हवा म्हणाले. साफ नकार दिला. सख्ख्या बहिणीला प्रेमाचे हायकू? माझी काही तत्त्वं आहेत.

२२ मार्च
दोन लिहून दिले.

२४ मार्च, सकाळ
आता पुरे. आज लाँड्रीत जाऊन तोंडाने सांगणार, ते सगळे कागद माझे. काय व्हायचं ते होऊ दे. पांढऱ्या बटणाचा शर्ट घातलाय, तिला ओळख पटावी म्हणून.

२४ मार्च, दुपार
गेलो. तिला विचारलं, खिशातले कागद वाचता का? म्हणाली, छे हो, लोकांचे कागद मी कधी उघडत नाही, तसेच पाकिटात टाकते. म्हणजे दहा कपडे आणि दोन पडदे पाण्यात. मग ती हसली. म्हणाली, एक मात्र वाचला, तुमच्या ताईंनीच आणून दाखवला. आणि माझा कोटाचा हायकू तिने पाठ म्हणून दाखवला. सतराच्या सतरा अक्षरं. इस्त्री बाजूला ठेवून. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

म्हणाली, असं लिहिणारा माणूस मिळायला नशीब लागतं हो.

सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात ताईची गुणगुण आठवली. आज सांगितलं तर संध्याकाळपर्यंत तिच्या कानावर जाणार. एकवीस वर्षांनी गातेय बाई. तोंड मिटलं.

ती म्हणाली, तुम्हीही जरा शिका की तुमच्या भाऊजींकडून.

बघतो म्हणालो.