काल घरी काय शिजलं?

भाऊसो गुरुजींना नाथाजीचा नमस्कार,

पत्र लिहायचं रोज टाळतोय. टपालात टाकणारही न्हाई, तिथं पोलीस फोडून वाचतात; कुणाच्या तरी हाती धाडीन.

तुमी ट्रेनिंगला जाताना शाळा माझ्या हाती दिली. पोरं बोलती व्हावीत म्हणून मी रोज विचारायचो, "काल घरी काय शिजलं? जेवायला कोण होतं?" पोरं लय रंगून सांगायची. (तुमच्या कवठाला यंदा फळंच फळं. असो.) हे फौजदाराच्या कानी गेलं. शाळा सुटल्यावर येऊन म्हणाला, "असंच विचारत जा मास्तर. चळवळीतला कुणाचा फरारी बाप जेवून जातो, तेवढं मला कळवा."

मी म्हणालो, "पोरं मास्तरला सांगतात साहेब, चौकीला न्हाई." त्यानं थोबाडीत दिली.

गावानं मात्र फौजदार शाळेतनं निघताना तेवढा पाहिला. दुसऱ्या दिवसापासून एकही पोर येईना. मी खबऱ्या ठरलो. आज बोचकं बांधलंय, लोणंदला जाऊन हमाली करीन म्हणतो.

थांबा, शाळेशेजारची रंगुबाई लेकीला घेऊन दारात आलीय. हिचाच नवरा फरारी हाय! म्हणते, "आवं मास्तर, ती थोबाडीत माझ्या परड्यात ऐकू आली. पोरीला बसवा. फकस्त काय शिजलं ते इचारू नगा."

तुमचा,
नाथाजी