कळ दाबतच राहिले

बाबांना नमस्कार,

ताइपेत मी ठीक आहे, जेवते वेळेवर. आईचा गुडघा कसा आहे?

रोबोटच्या स्पर्धेत आम्ही हरलो. रोबोटला आदेश पोचवणारा रेडिओ मीच निवडला होता. माझ्या संघातली या-चुन म्हणाली होती, “जुनाच लाव. हळू आहे, पण गर्दीत साथ सोडत नाही.” मी नवा घेतला आणि शाळेच्या रिकाम्या मैदानात तपासला. इथे चाळीस संघांचे रेडिओ एकदम सुरू झाले आणि आमचा रोबोट मधेच थिजला. यंत्रानं नीट वागावं म्हणून आपल्याकडे ठेवतात तसं त्याच्यावर ठेवलेलं खाऊचं हिरवं पाकीटही उपयोगी पडलं नाही.

वेळ संपली तरी मी रिमोटची कळ दाबतच होते. या-चुनने हात धरला, “सोड आता.”

काकांची होडी बुडाली तेव्हा तुम्ही तीन दिवस वायरलेसवर त्यांना हाका मारत होतात. “सोडा आता,” असं मीच तुमच्यावर ओरडले होते.

माफ करा, बाबा.

तुमची पेई-शान