चार विसावे

बाई, तुमच्या पुस्तकातलं एक वाक्य खोटं आहे, आणि ते माझ्यामुळे खोटं आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. आता प्रकाशकांना नवी आवृत्ती काढायची आहे आणि मुद्रितं तपासायला त्यांनी माझ्याकडे पाठवली आहेत. तुमच्या कामाची माहिती असलेली मीच एक उरले, असं त्यांना वाटतं. या भाड्याच्या घरात, जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले आहे आणि चौथ्या प्रकरणाच्या पहिल्या ओळीपुढे सरकत नाही.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात आपण पिरंगुटला खोली घेतली होती. तुम्ही कांदा चिरताचिरता जग समजावून सांगायचात. "वस्तू एकीकडे पोचते, तिचा शीण दुसरीकडे राहतो. श्रीमंत देश आणि गरीब देश, शहर आणि डोंगर, सगळीकडे हेच. जंगल कुणाचं तुटतं आणि ऊब कुणाला मिळते, ते बघ." तुमच्या पिठल्यात गुठळ्या व्हायच्या, बोलण्यात कधी झाल्या नाहीत. साऱ्या जगाबद्दलचं पुस्तक तुम्हाला ताम्हिणीच्या एका पायवाटेवरून सुरू करायचं होतं. तिथल्या बायका रानातून लाकडाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन रस्त्यावरच्या धाब्यांपर्यंत उतरायच्या. आपणही डोक्यावर मोळी घेऊन त्यांच्याबरोबर उतरायचं आणि मगच तक्ता भरायचा, हा तुमचा नियम. वाट किती, वजन किती, विसावे किती आणि कुठे. पहिल्याच दिवशी मी एका रकान्यात 'अंदाजे' लिहिलं, तर तुम्ही तो कागद माझ्यासमोर फाडलात. "अंदाज घरी बसून करता येतो. आपण चालायला आलोय." मला त्या वेळी तुमचा भयंकर राग आला होता.

मग तुम्हाला ताप भरला आणि शेवटच्या वाडीसाठी मी एकटीच निघाले. धाब्यापाशी एक बाई भेटली, चाळिशी उलटलेली, हातात कोयता. तिने माझ्या चपलांकडे पाहिलं.

"ह्या न्हाई टिकायच्या वर. लई चढ हाय. बसा तुमी हितंच, मी येते जाऊन."

मी बसले. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. दोन चहा झाले, ऊन चढलं आणि मी तक्ता भरून टाकला. विसावे: चार. बाकीच्या सगळ्या बायका चार ठिकाणीच टेकत होत्या, त्या जागा मला पाठ होत्या. ही काय वेगळं करणार?

ती उतरली तेव्हा मोळी खाली घ्यायला मी हात दिला. उगाच बोलायचं म्हणून मी विचारलं, "चारदा टेकलात ना?"

"टेकून कसं चालंल?" ती घाम पुसत म्हणाली. "येकटी हाय मी. खाली ठिवली तर परत डोईवर कोन देनार? जाऊ संगं यायची तवा टेकायचो आमी. ती आता कारखान्यात जातीया पिरंगुटला."

पेन माझ्या हातातच होतं. पण चार खोडून शून्य केलं तर आधी चार कुठून आले, ते तुम्हाला सांगावं लागलं असतं. तेवढ्यात एसटी आली.

त्या संध्याकाळी तुम्ही अंगावर शाल घेऊन तक्ता वाचता आहात. मान वर न करता विचारता, "वर स्वतः गेलीस ना?" मी म्हणते, "हो बाई." तुम्ही लगेच विश्वास ठेवता.

त्याच तक्त्यावरून पुढे तुम्ही चौथ्या प्रकरणाच्या तोंडी हे वाक्य घातलंत: 'ती एकटी चालते आणि चार वेळा थांबते, तिचं थांबणं कुठल्याच अर्थशास्त्राला दिसत नाही.' लोकांनी ते भाषणांत वापरलं. पहिली प्रत तुम्ही माझ्या हातात दिलीत, आत छापलेलं: 'माझ्यासोबत ओझं घेऊन चाललेल्या विद्यार्थिनीला'. मी पाया पडले तर ओरडलात. तुमच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्यात मी दोनदा सांगायचं ठरवून आले आणि दोन्ही वेळा तुमची उशी सारखी करून परतले.

गेल्या महिन्यात ताम्हिणीला गेले. त्या बाईचे गुडघे गेलेत, आता तिची सून मोळी आणते. म्हातारीने मला ओळखलं नाही. तुम्हाला मात्र ओळखत होती, त्या उन्हाळ्यात मोळी घेऊन उतरताना तिने तुम्हाला पाहिलं होतं. "त्या मोळीवाल्या बाई कुटं हायेत?" तुम्ही नाही हे ऐकून ती उंबऱ्यावर बसली. मी सुनेबरोबर वर गेले. माझी मोळी तिच्याहून लहान होती, तरी अर्ध्या वाटेत मी ती खाली टाकली, आणि मग काही केल्या मला ती एकटीला उचलता येईना. सूनबाई डोक्यावरच्या ओझ्यासकट वळली, आल्या वाटेने वर आली, वाकता येत नव्हतं म्हणून नुसती उभी राहिली. मोळी तिथेच सोडून आम्ही उतरलो.

वाक्य दुरुस्त केलं, बाई. 'ती एकदाही थांबत नाही, कारण ओझं पुन्हा डोक्यावर द्यायला कोणी नाही.' चूक माझी होती, ही टीपही खाली जोडली. कागद सकाळी पाठवते. पहिल्या पानावरची, माझ्यासाठीची ती ओळही काढायला हवी होती. तिच्यावर तीनदा पेन्सिल ठेवली. ती मात्र मी तशीच ठेवली आहे.